एकही फोटो सापडला नाही

मोबाइल वर करून कोणी माझ्यावर रोखला की माझा हात आपोआप तोंडावर जातो. फोटो स्टुडिओवालीनं असं करावं म्हणजे हलवायानं साखरेला भ्यावं तसंच झालं. भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात आमचं दुकान आहे, मोटर-वाइंडिंगवाला आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये दाबून बसवलेलं. नवरा फोटो काढतो, मी काउंटर सांभाळते. ‘हसा हो, जरा हसा, हसायले पैसे नाही लागत’ असं लोकांना म्हणता म्हणता माझे केस पांढरे झाले. आता ‘हसा’ म्हणायचं मी टाळते. कावून टाळते ते सांगते, पण मधे कोणी टोकू नका. टोकलं की मी चिडते.

आमचे सासरे भंडाऱ्याकडचे. इथल्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर लागले आणि त्यांच्यामागे गावची अर्धी वस्ती इकडे आली. त्यामुळे भिलाईत आमची माणसं म्हणजे एका ताटातली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि कार्यक्रम कोणाचाही असो, जेवायला तेच चेहरे. बाहेरच्याला हसू येईल, पण आमच्याकडे लग्नाहून थाटाचा कार्यक्रम असतो रिटायरमेंटचा. माणूस शेवटची ड्यूटी करून गेटबाहेर आला की हार, गुलाल, बँड, उघड्या जीपमधून घरापर्यंत मिरवणूक आणि संध्याकाळी हॉलमध्ये जेवण. लग्नात नवरदेवाचे पाय लटपटत असतात. खरा नवरदेव माणूस रिटायरमेंटलाच होतो. नामकरण, लग्न, जयंती, रिटायरमेंट, सगळे फोटो आमच्या दुकानाचे.

पूर्वी अल्बमसाठी फोटो निवडायला अख्खं घर दुकानात यायचं. ‘माझे डोळे मिटले आहेत, हा काढा.’ ‘मामीचा कावून घेतला? मामीनं आहेर काय आनला होता?’ चहावर चहा व्हायचा आणि एका अल्बमपायी दोन जावा बोलेनाशा व्हायच्या. मी वैतागायची, पण त्यात एक गोष्ट बरी होती, ती तेव्हा कळली नाही. कोणता फोटो बाहेर जातो आणि कोणता आत राहतो, ते कोणीतरी माणूस ठरवत होता.

मग रायपूरहून एक विक्रेता आला, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा. म्हणाला, आता एआयचा जमाना आहे, पाहुण्यानं फक्त आपला सेल्फी टाकायचा, सॉफ्टवेअर हजारो फोटोंतून त्याचे सगळे फोटो काढून देतं. नवऱ्यानं तिथंच स्वतःचा सेल्फी टाकला. क्षणात त्याचे फोटो सरसर आले, अगदी डोक्यावर केस होते तेव्हाचेसुद्धा. ‘पाह्य, पाह्य, मले ओळखलं त्यानं!’ म्हणत तो लहान पोरासारखा नाचला. मीही हसले. मला तर तो केसांचा फोटो पाहून जरा लाजच वाटली.

विक्रेत्यानं एक गोष्ट बजावली होती. प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी खोली ठेवा आणि प्रत्येक खोलीची वेगळी चावी त्या घरच्यांनाच द्या. खोली म्हणजे सॉफ्टवेअरमधली, चावी म्हणजे ते चौकोनी काळं-पांढरं चित्र, मोबाइलनं टिपायचं. आम्ही सुरुवातीला तसं केलंही. पण आमच्या महिला मंडळाच्या बाया भडकल्या. ‘एवढ्या चाव्या कोन ठेवन ध्यानात? रिटायरमेंटलेबी आमीच, नामकरनालेबी आमीच. सारे आपलेच तर हायेत वं!’ बरोबरच होतं त्यांचं. आमच्यात परका कोण होता? नवऱ्यानं सगळ्या खोल्यांच्या भिंती पाडल्या आणि एक मोठं दालन केलं. एकच चावी, ती हॉलमध्ये बोर्डावर, आभाराच्या कार्डामागे आणि मंडळाच्या ग्रुपवर. दुसऱ्या कोणत्या गावात फोटोग्राफरनं असं केलं नसतं. आमच्याकडे ते कौतुकाचं झालं.

पुढे नवा कायदा आला, लोकांची खाजगी माहिती जपायचा. कंपनीची मेल आली, इंग्रजीत, लांबच लांब. नवऱ्यानं शेवटपर्यंत खाली सरकवलं आणि ‘मान्य आहे’वर बोट ठेवलं.

‘अवो, काय मान्य केलं तुमी?’

‘अवं, ते म्हनतात आपण विश्वस्त आहो.’

‘कायचे?’

‘लोकायच्या थोबाडायचे.’

दोघंही पोट धरून हसलो. अर्थ असा होता की चेहरे आम्ही गोळा करतो, म्हणून जबाबदारी आमची. कंपनी नुसती यंत्र चालवते. म्हणजे दूध त्यांनी प्यायचं आणि मांजर म्हणून मार आम्ही खायचा. त्यांनी एक सूचनाही पाठवली, हॉलच्या दारात लावायला. ‘येथे चेहऱ्यावरून फोटो शोधण्याची सोय आहे. ज्यांना आपला चेहरा द्यायचा नाही त्यांनी छायाचित्रकाराला सांगावे.’ नवऱ्यानं ती फ्रेम करून फुलांच्या कमानीशेजारी उभी केली. लोक तिच्यासमोर उभं राहून सेल्फी काढायचे, त्यांना ते सजावटीतलंच वाटलं. आणि स्वयंपाकाची माणसं मागच्या दारानं येतात. मागच्या दाराला काहीच लावलं नव्हतं.

त्या मागच्या दारानं येणाऱ्यांत ती होती.

ती आमची भाडेकरीण. भिलाईतच कुरुदला आमचं घर आहे, आता चहूकडून कॉलनी झाली, तेव्हा अर्धी शेतं होती. वरच्या खोलीत ती आणि तिची मुलगी, दुसरीत शिकणारी. एका केटररच्या हाताखाली ती पुऱ्या लाटायची, वाढायला जायची. तिकडून, विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावाहून, नवऱ्याला सोडून आली होती. सोडून म्हणजे जीव वाचवून. पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं होतं, कानामागचा डाग कशाचा. ती म्हणाली, ‘चहाच्या पातेल्याचा. चहा त्यातच होता, ताई.’ एवढं बोलून ती कपडे वाळत घालायला लागली. तिकडच्या पोलीस ठाण्यात एकदा गेली होती, तर तिथूनच कोणी त्याला फोन केला, की ‘तुझी बायको इथं येऊन बसली.’ म्हणून ठाण्याचं नाव काढलं की ती दाराकडे पाहायची.

तिनं माझ्याकडे मागितलं ते एकच. ‘ताई, तुमचा फोटोचा धंदा हाय. माझा फोटो नका येऊ देऊ कुठं. त्यानं सांगतलं हाय, जिथं दिसशीन तिथं संपवीन. पोरगी तं त्यालेच पाह्यजे.’ मी म्हटलं, ‘माझ्या दुकानातून तुझा फोटो बाहेर जाणार नाही. मी बसली आहे ना!’ माझा स्वभावच तसा, छातीठोक. आणि माझा नवराही काळजी घ्यायचा. तीही कॅमेरा दिसला की पदर ओढायची, पाठ फिरवायची. अल्बममध्ये ती कधीच नव्हती. पण त्या मोठ्या दालनात अल्बम नव्हता. तिथं कॅमेऱ्यातलं सगळं जसंच्या तसं जात होतं, चांगलं, वाईट, हललेलं, आणि मागे कोण उभं आहे तेही. पाहुण्यांच्या खांद्यामागचा अर्धा चेहरा माझ्या नवऱ्याला कधी दिसला नाही. यंत्राला दिसायचा.

दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. दुकानाच्या कंप्युटरवर त्या सॉफ्टवेअरचं एक पान असतं. कोणी शोध घेतला, त्याचा फोटो रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात दिसतो, शेजारी त्याचा मोबाइल नंबर आणि काय काय सापडलं ते. मला ते पाहायची भारी हौस. कोणती बाई स्वतःला किती वेळा शोधते, ते मला पाठ होतं. मुरमुरे खात खात मी खाली सरकवत होते. त्या गोलांच्या रांगेत एक गोल वेगळा होता.

तो सेल्फी नव्हता. फोटोचा काढलेला फोटो होता. आमच्यात लग्नात नेसतात तशा पांढऱ्या साडीतली नवरी, गळ्यात मोगऱ्याचा हार, मान खाली. आणि कडेला फोटो धरणारा अंगठा, पुरुषाचा. नख अर्धं काळं पडलेलं, हातोडीचा घाव बसल्यावर पडतं तसं.

मी चष्मा पुसला. नवरी लहान होती, गाल भरलेले होते, पण ती हनुवटी मी रोज जिन्यावर पाहत होते. मी मुरमुऱ्यांची पुडी बाजूला सारली. नंबर महाराष्ट्रातला होता.

मी पुढचं उघडलं. यंत्रानं प्रामाणिकपणे काम केलं होतं. कोणाच्या आत्याच्या मागे पुऱ्यांचं ताट घेऊन जाणारी ती. हॉलच्या आरशात अर्धी दिसणारी ती. आणि एक शेवटचा. स्वयंपाकघराच्या पायरीवर तिची लेक गुलाबजाम खात बसली आहे, शाळेतून थेट आलेली, चौकटीचा फ्रॉक, कमरेला पट्टा, आणि आई वाकून तिचं तोंड पुसते आहे. फोटो सुंदर होता. मोठा केला तर पट्ट्याच्या बक्कलवर शाळेचं नाव वाचता येत होतं. मागे हॉलची पाटी, तिच्यावर गावाचं नाव. प्रत्येक फोटोखाली हिरवी खूण होती. म्हणजे तिच्या नवऱ्यानं सगळे उतरवून घेतले होते.

त्याच्याकडे ती चावी कशी गेली, ते शोधायला फार अक्कल लागत नव्हती. आमची अर्धी सोयरीक तिकडेच. कोणाच्या तरी ग्रुपवर आमच्या आभाराच्या कार्डाचा फोटो गेला असेल, ‘आपला फोटो शोधा, लय मजा हाय’ असं लिहून. त्यानंही मजा म्हणून टाकून पाहिला असेल, कोणास ठाऊक. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण आम्ही होतो.

मी नवऱ्यावर ओरडले, त्याला काही कळायच्या आत. तो गोल पाहिल्यावर त्यानं लगेच कंपनीचा नंबर शोधायला घेतला. दुकान अर्धं उघडं टाकून मी स्कूटी काढली. सुपेल्याच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ट्रकवाल्याला आईवरून शिवी दिली.

ती वालाच्या शेंगा मोडत बसली होती. कसं सांगावं याची मी वाटेत दहा वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. मोबाइलवर घेतलेले फोटो तिच्यापुढे धरले आणि म्हटलं, ‘त्यानं पाहिले.’ तिनं मोबाइल माझ्या हातातून घेतला. एकेक फोटो सरकवत गेली आणि पायरीवरच्या फोटोपाशी थांबली. बक्कलवर बोट ठेवलं. मग तशीच उठली, मांडीवरच्या शेंगा सगळ्या खाली सांडल्या.

‘शाळा सुटाले किती वेळ हाय, ताई?’

स्कूटीवर माझ्यामागे बसून तिनं माझ्या कमरेला असं धरलं होतं की मला श्वास घेता येईना. शाळेच्या फाटकाशी आईबाप उभे होते, ऑटोवाले, भेळवाला, मोटारसायकलवर बसलेले पुरुष. रोज मी तिथून जाते, रोज तेच लोक असतात. त्या दिवशी मला प्रत्येक पुरुषाचा अंगठा पाहावासा वाटत होता. चौकीदाराला विचारलं, कोणी काही पुसायला आलं होतं का. ‘नहीं बाई, कोई नहीं आया।’ पोरगी बाहेर आली, आईला पाहून आनंदली, ‘मम्मी, आज आप कैसे आ गए?’ आईनं तिचा पट्टा काढून स्वतःच्या पिशवीत कोंबला. पोरगी घरापर्यंत कुरकुरत होती, उद्या मॅडम रागावतील म्हणून.

इकडे नवरा कंपनीशी झगडत होता. फोन लावला तर एक गोड आवाजाचं यंत्र बोलायचं, ‘आपकी बात हमारे लिए महत्वपूर्ण है।’ चॅटवरही यंत्रच. यंत्राची तक्रार यंत्राकडेच! शेवटी तक्रार अधिकाऱ्याची मेल आली, एकदम कायद्याला धरून. एखाद्या व्यक्तीचा चेहरा कायमचा काढायचा असेल तर त्या व्यक्तीनं स्वतः अर्ज करावा. ओळख पटवण्यासाठी तिचा ताजा, समोरून काढलेला स्पष्ट फोटो आणि ओळखपत्र जोडावं.

मी ते तिला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

‘म्हंजे मी कुठं दिसू नाही म्हनून मले पयले तोंड दाखवा लागन?’

मला हसावं की रडावं कळेना. एवढे शिकलेले लोक, एवढा मोठा कायदा, आणि त्यातल्या कोणाच्या मनात हे आलं नाही की एखाद्या बाईचा जीव तिच्या न दिसण्यावर टिकून असतो. तिनं फोटो दिला नाही. नवऱ्यानं मग दुसरा मार्ग धरला. दालनातले सगळ्यांचे सगळे फोटो त्यानं पुसून टाकले. लग्नं, नामकरणं, जीपमधले म्हातारे, सगळं. मंडळाच्या बाया दुसऱ्या दिवशी भांडायला आल्या, त्यांना सांगितलं की यंत्र बिघडलं. पण तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमधून आम्ही काय पुसणार होतो?

तिला न सांगता माझा नवरा ठाण्यातही जाऊन आला. तिथल्या साहेबानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अच्छा, तो उसने किया क्या है? फोटो ही तो देखा है।’ खरंच, सांगायला काय होतं आमच्याकडे? इथं येऊन त्यानं घर फोडलं नव्हतं, हात उगारला नव्हता. नुसता फोटो पाहिला होता.

पोरीला शाळेत पाठवणं बंद झालं. ती स्वतः कामावर जाईना. वरच्या खोलीच्या खिडकीला तिनं जुनी चादर बांधली. मी दुकानात बसायची, पण दारात सावली पडली की दचकायची. माझ्यासारखी बाई, जिनं उधारीवाल्याला बाजारभर पळवलं, ती सावलीला भ्यायला लागली.

आणि एका दुपारी तो आलाच.

‘नमस्कार ताई,’ म्हणाला. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला, कपाळावरचा घाम रुमालानं टिपणारा. आमच्या जेवणावळीत बसला असता तर मीच त्याला आग्रह करून वाढलं असतं. मी ‘नमस्कार’ म्हटलं. तेवढ्यात त्यानं मोबाइल काउंटरवर ठेवला आणि त्यावर अंगठा टेकवला. नखावरचा काळा डाग वाढत टोकाकडे सरकला होता.

‘हा एक फोटो मोठा करून पाह्यजे. फ्रेममधी.’ पायरीवरचा फोटो. ‘तुमच्याच दुकानाचा हाय. लय चांगला काढला.’

जन्मभर मी लोकांना चेहरा कसा ठेवायचा ते सांगत आले. मान थोडी वर, ओठ सैल, डोळे इकडे. त्या दिवशी माझा स्वतःचा चेहरा जागेवर ठेवायला मला काय लागलं, ते माझं मला माहीत. तो ज्यांना शोधत होता त्या दोघी माझ्याच घरात, माझ्याच छताखाली होत्या, आणि घराची किल्ली माझ्या गळ्यातल्या दोरीत लटकत होती. मी पदर किल्लीवर ओढला.

‘ही कोन आहे?’ मी विचारलं.

‘बायको. अन् पोरगी. रागावून आल्या इकडं. घरोघरी होते असं, ताई. न्याले आलो.’ मग जरा पुढे वाकून, ‘तुमी ओळखत असान. तुमच्याच कार्यक्रमातल्या हायेत.’

‘केटररची मानसं रोज बदलतात. आमी काय ओळखतो त्यायले?’ माझा आवाज मला परक्या बाईचा वाटला. आणि मग, ज्याला मी पोट धरून हसले होते तोच कायदा माझ्या तोंडून निघाला. ‘अन् फोटो मी छापून देऊ शकत नाही. नवा कायदा आहे. ज्याचा फोटो आहे त्याची परवानगी पाह्यजे. आमी विश्वस्त आहो.’

तो हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता, त्याचीच मला भीती वाटली.

‘परवानगी,’ तो म्हणाला. ‘काढाच्या वेळी घेतली होती का, ताई?’

मी पावतीपुस्तक उघडून पुन्हा मिटलं. त्यानं मोबाइल उचलला, खिशात ठेवला, भिंतीवरच्या नमुन्याच्या फोटोंकडे एकदा सावकाश पाहिलं आणि म्हणाला, ‘बरं, येतो. शाळा सुटाची वेळ झाली.’

तो गर्दीत शिरेपर्यंत मी पाहत राहिले. मग काउंटरखाली बसूनच घरी असलेल्या माझ्या नवऱ्याला फोन लावला. पोरगी घरीच होती, कार्टून पाहत होती, मला तिचा आवाज ऐकू येत होता. तरी मी दोनदा विचारलं, आहे ना घरी, आहे ना? तो फाटकाशी किती वेळ उभा होता, कोणाला काय काय विचारलं, ते नंतर चौकीदारानं सांगितलं. त्यानं चौकीदाराला फोटो दाखवला होता आणि चौकीदारानं, बिचाऱ्यानं, ‘हाँ, यहीं पढ़ती है’ असं सांगितलं होतं. बापच तो, त्याला का नाही सांगायचं?

दिवस मावळायच्या आत ती निघाली. एक पिशवी, एक दप्तर. माझ्या नवऱ्यानं त्या दोघींना आतल्या रस्त्यानं हायवेवरच्या कुम्हारी गावापर्यंत स्कूटीवर नेलं, म्हणजे भिलाईच्या स्टँडवर उभं राहायला नको. हायवेवरून कोणत्याही दिशेची बस मिळते. जाताना मी तिच्या हातात माझा जुना मोबाइल द्यायला लागले, तिनं घेतला नाही. ‘कुठं जाशीन?’ मी विचारलं. ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, ‘तुमाले सांगत नाही, ताई. तुमचा चेहरा लय बोलते.’ मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण खरं होतं. पोरीनं जाताना मला विचारलं, पट्टा कधी परत मिळेल. आईनं तो इथंच ठेवला, अजून माझ्या कपाटात आहे.

तो नंतर एकदोनदा बाजारात दिसला, मग दिसेनासा झाला. आम्ही बोर्ड काढले, चावी बदलली, प्रत्येक कार्यक्रमाची खोली वेगळी केली, आणि आता मी मागच्या दाराशी स्वतः उभी राहून वाढणाऱ्या एकेकीला विचारते, तुझा फोटो आलेला चालेल का. त्या हसतात. म्हणतात, आमाले कोन पाह्यते, ताई?

ते जुनं मोठं दालन मात्र मी बंद केलं नाही. रिकामं आहे, आत कोणाचा एक फोटो नाही, जुनी चावी कोणाकडे असेल तर तेवढं दार उघडतं. नवरा म्हणतो, कशाला ठेवलं हे भूत? मी सांगत नाही. पण दर रविवारी दुपारी त्या पानावर एक गोल उमटायचा. तीच पांढऱ्या साडीतली नवरी, दर वेळी नव्यानं टिपलेली, कडेला तोच अंगठा, हळूहळू बरं होत गेलेलं नख. आणि शेजारी यंत्राचं उत्तर: ‘एकही फोटो सापडला नाही.’ ते वाचलं की मी श्वास सोडायची. शोधतो आहे, म्हणजे सापडली नाही. त्या एका ओळीवर माझा आठवडा निघायचा.

गेल्या रविवारी गोल आला नाही. मला वाटलं, कुठं लग्नाबिग्नाला गेला असेल. नवरा म्हणतो, थकला असेल, माणूस किती दिवस शोधणार? पण तेच सॉफ्टवेअर आता गावोगावच्या फोटोग्राफरकडे आहे, आणि पुऱ्या लाटणारी बाई कुठेही गेली तरी मागच्या दारानं पुऱ्याच लाटायला जाणार.

आज पुन्हा रविवार आहे. सकाळपासून मी ते पान उघडून बसले आहे, आणि जन्मात पहिल्यांदा मला वाटतं आहे की तो अंगठा दिसावा.